किनारा दिसायला साफ झाला तरी वीस-वीस वर्षं काय मोजत बसतात?

तुम्ही विचारलंय की तेलगळतीनंतर दोन-तीन पावसाळ्यात समुद्र आपोआप धुऊन निघतो, मग एवढी वर्षं मॉनिटरिंग कशाला. मी शास्त्रज्ञ नाही, अलिबागकडचा, ज्युनिअर कॉलेजला बायो शिकवायचो आणि 2010 नंतर दरवर्षी पोरांना घेऊन इथल्या एका खडपावर (समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यावर) कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, मोजायला जातो, त्यामुळे जे हाताला लागलंय तेवढं सांगतो.

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, साधारण 800 टन तेल पाण्यात गेलं, आणि रायगडच्या किनाऱ्यावर, खाड्यांतल्या तिवरांवर (खारफुटीवर) काळा थर बसला. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली असतात ना, झाड त्यातून श्वास घेतं. तेलानं त्यावरची भोकं बुजली तरी झाड लगेच मरत नाही, पानं गळायला महिने जातात, म्हणजे पहिल्या आठवड्यात फोटो काढला तर मुळं काळी आणि वर सगळं हिरवंगार.

खरी भानगड चिखलाच्या आत असते. अमेरिकेत वेस्ट फाल्मथला 1969 मध्ये तेल वाहणारी एक बार्ज खडकावर चढली, डिझेलसारखं सुमारे 7 लाख लिटर तेल खाजणात (भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत) गेलं. तीस वर्षांनंतरही काही सेंटीमीटर खाली ते सापडलं, आणि तिथले एक नांगा मोठा असलेले छोटे खेकडे आहेत ना (आपल्या खाडीतही त्यांचे भाऊबंद ढिगानं दिसतात), ते बीळ खणत तेलाच्या थरापर्यंत जायचे आणि तिथून थांबायचे नाहीतर आडवे वळायचे. वरून बघणाऱ्याला खाजण एकदम झकास!

अलास्कात 1989 ला एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं त्याचं तर काय सांगावं. समुद्री ऑटर (पाणमांजरं) सावरले असं म्हणायला 2014 उजाडलं. हेरिंग मासा 1993 ला एकदम कोसळला, तो तेलामुळेच की रोगामुळे यावर अजून वाद चालू आहेत. ऑर्का देवमाशांचा 22 जणांचा एक गट होता, त्यातले 9 गेले आणि नंतर त्या गटात एकही पिल्लू जन्मलं नाही. आता हे तिसऱ्या वर्षी मोजणी बंद करून कळलं असतं का? आणि तिथे गरम पाण्याचे फवारे मारून किनारे "स्वच्छ" केले तेव्हा तेलातून वाचलेले जीवही उकडून निघाले.

आमची गोची वेगळीच. गळतीच्या आधी या खडपावर किती कालवं होती ते कोणी लिहूनच ठेवलेलं नाही, मग "पूर्ववत" म्हणजे कुठवर? उपाय म्हणून तेल न लागलेलं दुसरं खडप शेजारी धरून दोन्हीकडे मोजायचं, पण तेही दरवर्षी सारखं राहत नाही, पाऊस जोरात झाला की खाडीचं गोडं पाणी येतं आणि सगळा हिशोब हलतो. अलास्कात एका मोठ्या दगडाचा 1990 पासून दर उन्हाळ्यात फोटो काढतात, त्यावर शेवाळ कधी गच्च तर कधी जवळजवळ नाहीच, फक्त दोन फोटो बघितले तर वाट्टेल तो निष्कर्ष निघेल.

आमची पद्धत साधीच, पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट, अमावास्येची सुकती (पूर्ण ओहोटी), आणि नेमकी तीच जागा. खूण आधी ऑइलपेंटनं केलेली, ती पहिल्याच पावसाळ्यात गेली, मग ड्रिल करून स्टीलचे खिळे ठोकले. एक वर्ष मी शहाणपणा केला, फेब्रुवारीऐवजी ऑक्टोबरात मोजणी उरकली कारण पोरांच्या परीक्षा होत्या, आणि ते अख्खं वर्ष पाण्यात गेलं, आकडे कशाशी जुळवणार? शिवाय पावसाळ्यात पुळणीवर डांबराच्या गोळ्या येतातच, त्या जुन्या गळतीच्या की कुठल्या जहाजानं टाकी धुतल्याच्या हे डोळ्यांना कळत नाही, तेलातली न विरघळणारी, न कुजणारी काही संयुगं लॅबमध्ये ताडून बघावी लागतात.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर तेल येण्याच्या आधीच एक दगड धरा आणि मोजायला लागा. आम्ही मोजत असतो तेव्हा एक काकू कोयता घेऊन कालवं काढायला येतात, सासूबरोबर यायच्या तेव्हापासून. गेल्या वर्षी चौकटीकडे बघून म्हणाल्या, इथे काय मोजताय, इथे कधीच धड नव्हती, कालवं त्या पलीकडच्या दगडावर असायची. आता तिथेही दोन खिळे ठोकलेत.