ट्रॅक्टरचं दुखणं : लोड आला की इंजिन दम तोडतंय, वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच रडगाण्याची आहेत, ट्रॅक्टर ओढत नाही. त्यातली चार निवडली. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्या दुखण्यात माणसं सगळ्यात जास्त पैसे घालवतात.

प्रश्न : नमस्कार सर, मी पुरंदर तालुक्यातला. अंजीर आणि सीताफळाची बाग आहे, मधे फिरायला २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतलाय, तीन सिलेंडर. सहा वर्षं झाली. आता रोटाव्हेटर लावला की पहिली पंधरा-वीस मिनिटं मस्त चालतो, मग हळूहळू आवाज बसायला लागतो आणि शेवटी बंदच पडतो. दहा मिनिटं थांबून स्टार्टर मारला की परत चालू, जणू काही झालंच नव्हतं. धूर काळा नाही, उलट कमीच वाटतो. मेकॅनिक म्हणतो डिझेलचा पंप खोलावा लागेल, शेजारचे काका म्हणतात आपण दिवे घाटाच्या वर राहतो, हवा विरळ, त्यामुळे पॉवर जाते. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी काकांचं बघू. काका अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटर उंचीला साधारण ३ टक्के कमी होते, पुणं शहरच ५६० मीटरच्या आसपास आहे आणि तुम्ही घाट चढून आणखी वर. पण ती उंची ट्रॅक्टर घेतला त्या दिवशीही तेवढीच होती ना, आणि उंची काय वीस मिनिटांनी वाढत नाही.

आता तुमच्याच पत्रात उत्तर लपलंय. चालतो, दमतो, थांबलं की बरा होतो, आणि दमताना धूर कमी होतो. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी पडतीये, आणि धूर कमी होऊन आवाज बसतोय म्हणजे डिझेलच पोचत नाहीये. पंप झिजला असता तर दहा मिनिटं सावलीत उभा राहून तो परत तरुण झाला नसता. म्हणून पंपाला हात लावायच्या आधी टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता बघा. यात बहुतेक कामं स्पॅनर आणि पाण्याच्या बाटलीवर होतात.

सगळ्यात आधी टाकीचं झाकण. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं, ते धूळ आणि डिझेलच्या चिकट्यानं बुजलं की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि डिझेल खाली उतरत नाही. पुढच्या वेळी दम तोडायला लागला की बंद पडायच्या आत झाकण सैल करा, फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि इंजिन सावरलं तर दुखणं सापडलं, खर्च शून्य. भोक बारीक तारेनं मोकळं करा, झाकण डिझेलमध्ये धुवा. झाकण हरवलं म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असेल तर ती आजच काढा, असे ट्रॅक्टर मी भरपूर बघितलेत.

झाकण ठीक असेल तर टाकीखालचा कॉक बंद करून पुढचा पाइप काढा, खाली स्वच्छ बाटली धरा आणि कॉक उघडा. लगेच "येतंय की डिझेल" म्हणून बंद करू नका, पाच-सात मिनिटं वाहू द्या (बाटली भरली तर दुसरी लावा, वाया घालवू नका, डिझेल काय स्वस्त राहिलंय). सुरुवातीला धार चांगली आणि मग बारीक होत गेली तर टाकीत काहीतरी तरंगतंय आणि ते वाहत्या डिझेलबरोबर येऊन तोंडावर बसतंय. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, ते परत वर सरकतं आणि तुम्हाला वाटतं ट्रॅक्टर बरा झाला. पेंढा, चिंधी, कॅनच्या बुचाचं सील, काहीही निघतं. मी स्वतः एकदा पंप काढून कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप तपासून जुळवायला) पाठवला, गिऱ्हाइकाचे आठ दिवस आणि बरेच पैसे गेले, आणि बसवल्यावर तोच प्रॉब्लेम. शेवटी टाकीतून निघाला गुटख्याच्या पुडीचा तुकडा. त्या गिऱ्हाइकासमोर मान वर करायला मला बरेच दिवस लागले, म्हणून सांगतोय.

टाकी स्वच्छ निघाली तर पुढे जा. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) आधी काचेची वाटी किंवा बारीक जाळी असते, काही मॉडेलमध्ये ती जाळी पाइपच्या पोकळ बोल्टातच असते आणि ती आहे हेच कुणाला माहीत नसतं, सर्व्हिसिंगलाही राहून जाते. ती काढून धुवा. रबरी पाइप सहा वर्षांचे झालेत, बाहेरून छान दिसतात पण आतला थर फुगून भोक बारीक होतं किंवा ओढ लागली की पाइप चपटा होतो, बोटांनी दाबून बघा, मऊ-लिबलिबीत लागला तर बदला. आणि दोन्ही डिझेल फिल्टर. तासाचा मीटर बघून सांगा शेवटचे कधी बदलले. आठवत नसेल तर दोन्ही बदला. मॅन्युअलमध्ये तास दिलेले असतात, धुळीत रोटाव्हेटर मारणाऱ्याने त्याच्या थोडं आधीच बदललेले बरे. फिल्टरची डुप्लिकेट खूप येतात, नाना पेठेत घेताना स्वस्तातला मागू नका, कागदाच्या घड्या मोजक्या आणि डिंकाचा वास असला फिल्टर पंपाची वाट लावतो.

एक गोष्ट मेकॅनिकही विसरतात. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीवर असतो. तिथे जॉइंट सैल असला तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही म्हणून लीकेज नाही असं समजू नका. पाइप उघडला की तांब्याचे वॉशर नवीन टाका, दहा-वीस रुपयांसाठी जुनाच दाबून बसवायचा आणि मग महिनाभर एअर काढत बसायचं, हे उद्योग सगळ्यांनी केलेत.

एअर काढणं, म्हणजे पाइपात अडकलेली हवा बाहेर घालवणं, तुम्हाला येत असेलच तरी क्रम लिहितो. पहिल्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करा, हातपंप मारत राहा, फेस जाऊन निव्वळ डिझेल आलं की हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंप, आणि तरीही सुरू झाला नाही तर नोझलच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) नटा सैल करून स्टार्टर. नोझलच्या धारेसमोर बोट किंवा तळहात कधीच धरू नका. ती धार इतक्या प्रेशरची असते की कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. तसं झालंच तर दुखत नसलं तरी थेट दवाखाना.

एवढं सगळं करून धार, फिल्टर, पाइप ओके असतील आणि तरीही बसत असेल तर मग पंपवाल्याकडे जा, तेव्हा माझी ना नाही. आपल्याकडे माणसांची कमी नाही, पुण्यात खडकीला किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी १९४६ मध्ये सुरू झाली, डिझेल कळणारी एक अख्खी पिढी या शहरात तयार झालीये. फक्त पंप सोडताना मेकॅनिकला टायमिंगची खूण (पंप इंजिनावर नेमका कसा बसला होता त्याची) करायला लावा आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रश्न : दादा, जुन्नरकडची द्राक्षबाग आहे. ब्लोअर (फवारणीचा) चालवताना काळा धूर आणि पिकअप नाही. मागच्या महिन्यात एअर फिल्टर साफ केला होता.

उत्तर : साफ कसा केला हे लिहिलं नाहीत, गोम तिथेच असते. ऑइल बाथवाला (तेलात धूळ पकडणारा) असेल तर खालच्या वाटीतलं तेल खुणेपर्यंतच हवं. कमी असलं तर धूळ इंजिनात, जास्त असलं तर हवेची वाट अडते आणि तेलच इंजिनात ओढलं जातं, ते आणखी वाईट. तळाला चिखल जमला असेल तर तेल बदला, आणि वरची जाळी डिझेलमध्ये धुवून पूर्ण निथळू द्या. कागदाचा फिल्टर असेल तर तो पाण्याने धुवायचा नाही, आतून बाहेर हलकी हवा मारायची, आणि कंप्रेसरची नळी अगदी टेकवून कागद फाडायचा नाही. बल्ब आत धरून बघा, कुठे टिपका चमकला तर फेकून द्या. फिल्टर काढून दोन मिनिटं चालवून बघतो असं मनात आलं असेल तर बागेत तरी नको, धुळीत तेवढ्यानेही लायनर-रिंगला ओरखडे जातात.

हवा ठीक असूनही काळा धूर असेल तर नोझल. आयडलला (थ्रॉटल न देता हळू फिरत) इंजिन ठेवून एकेका नोझलच्या पाइपची नट अर्धा फेरा सैल करा, वर जाड फडकं, हातमोजे, चष्मा. ज्या सिलेंडरची सैल केल्यावर आवाज पडतो तो काम करतोय, ज्याची सैल करून इंजिनाला काही फरकच पडत नाही तो आधीच संपावर आहे. तेवढाच नोझल काढून टेस्टिंगला न्या. खरं तर सगळेच एकदम दाखवलेले बरे.

आणि जाता जाता, ब्लोअर पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टच्या) ५४० आरपीएमवर चालतो, मीटरवर त्याची खूण असते. तिथपर्यंत थ्रॉटल न नेता कमी आरपीएमवर मोठा गिअर ओढत असाल तर धूर येणारच, त्यात ट्रॅक्टरचा दोष नाही.

प्रश्न : मी दौंड तालुक्यातून लिहितेय. शेती मीच बघते. उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढत नाही, पण इंजिनाचा आवाज मात्र व्यवस्थित येतो. इंजिन खोलायला सांगतायत, खर्च मोठा आहे.

उत्तर : ताई, इंजिन खोलू नका. आवाज पडत नाही आणि ट्रॅक्टर पुढे सरकत नाही म्हणजे इंजिन ताकद देतंय, चाकापर्यंत ती येत नाहीये. क्लच स्लिप होतोय. वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून हळूच क्लच सोडून बघायला सांगा, इंजिन बंद पडायला हवं. बंद न पडता फिरतच राहिलं तर क्लच गेला. त्याआधी पेडलचा फ्री प्ले (क्लच लागायच्या आधीची मोकळी हालचाल) बघा, बऱ्याचदा तो शून्य झालेला असतो आणि नुसत्या अॅडजस्टमेंटवर भागतं. ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून चालवतो का तेही बघा, तो नाहीच म्हणणार. आणि मागची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरतात का, ब्रेक धरून बसलेत का, हे पण.

प्रश्न : कोथरूडला राहतो, मुळशीत थोडी जमीन. ट्रॅक्टर जूनपासून शेडमध्ये उभा, ऑक्टोबरमध्ये चालू केला तर पांढरा धूर, मिस मारतोय, ताकद नाही.

उत्तर : मुळशीचा पाऊस आणि अर्धी रिकामी टाकी, म्हणजे डिझेलमध्ये पाणी. रात्रभर उभा राहू द्या म्हणजे पाणी तळाला बसेल, सकाळी स्टार्ट करायच्या आधी टाकी आणि फिल्टरचे ड्रेन उघडा, काचेच्या बरणीत धरा, दोन थर स्वच्छ दिसतील. बुळबुळीत शेवाळासारखं निघालं तर टाकी उतरवून धुवा, फिल्टर बदला, नवीन डिझेल. पुढच्या पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरून उभा करा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर जात नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं, तो चालवू नका. धूर निळसर असला तर तो ऑइलचा, ते वेगळं प्रकरण.

आणि एअर क्लीनर उघडून बघा, चार महिन्यांत उंदरांनी हमखास घर केलेलं असतं. वरच्या सायलेन्सरवर पावसासाठी पत्र्याचा डबा घातला असेल तर तो काढल्याशिवाय स्टार्टर मारू नका. मी मारलाय एकदा, डबा शेजाऱ्यांच्या गोठ्याच्या पत्र्यावर, आणि म्हैस दोन दिवस दूध देईना.