वाचकांचे प्रश्न : वर्ष झालं, अजून भूपच चाललाय

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी वर्षभर एका बाईंकडे गाणं शिकते आहे. अजून पलटे (स्वरांच्या सरावाचे क्रम) आणि भूप राग यांच्या पुढे गाडी गेलेली नाही. तिच्या मैत्रिणी दुसऱ्या क्लासला जातात, त्यांची 'प्रारंभिक' परीक्षा होऊन पुढच्या 'प्रवेशिके'ची तयारी सुरू आहे. आमच्या बाई परीक्षेचं नाव काढत नाहीत, पेटीही क्वचितच उघडतात. क्लास बदलावा का? गाण्याचा शिक्षक निवडताना काय पाहावं?
– एक आई, कराड

उत्तर : इतक्यात बदलू नका. तुमचं पत्र वाचून मला तर त्या बाईंना भेटावंसं वाटलं.

मी मिरजेत, सतारमेकर गल्लीजवळ वाढले. शाळेतून येताना दारोदार भोपळे आणि अर्धवट झालेले तंबोरे दिसायचे. आमच्या गुरुजींकडे शिकवणीत पेटी नव्हतीच. ते तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची, तार छेडायचे आणि 'आता ऐक' एवढंच म्हणायचे. जवारी, म्हणजे तारेला घोडीवर येणारा झणकार, नीट लागलेली असली की त्या एका तारेतून, कुणी न गाता, गंधार म्हणजे 'ग' ऐकू येतो. आम्ही त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तो मला ऐकू यायला बरेच दिवस लागले. पण एकदा आला आणि मग आपला गंधार कुठे लावायचा हे कुणी सांगावं लागलं नाही. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत वाटलेलं असतं, त्यामुळे तिचा गंधार याहून किंचित चढा असतो. लहानपणापासून पेटीवरच गाणाऱ्या मुलाच्या कानात तोच बसतो. पेटी मला आवडते, साथीला तिच्यासारखं वाद्य नाही. पहिलं वर्ष मात्र मीही मुलांना तंबोऱ्यावरच गायला लावते.

आणि भूप तर गंधाराचाच राग. वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; संवादी, म्हणजे त्याखालोखालचा, धैवत ('ध'). त्याच पाच स्वरांत धैवताला मान दिला की सकाळचा देशकार होतो. हा फरक गळ्यातून दाखवता येईपर्यंत भूप सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात वर्ष गेलं तर जाऊ द्या.

परीक्षांना माझा विरोध नाही. मी स्वतः विशारद आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आमच्या मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यातूनच पुढे ही परीक्षांची पद्धत गावोगाव पोचली, सामान्य घरातल्या मुलामुलींना गाणं शिकता आलं. पण रागाची माहिती पाठ आणि 'सा' हलतोय, अशी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. त्यांना पुन्हा षड्जापासून सुरुवात करायला सांगणं जड जातं.

शिक्षकाची पदवी जरूर विचारा, पण त्याआधी ते कुणाकडे शिकले आणि आज स्वतः रियाज करतात का, हे विचारा. एक दिवस परवानगी घेऊन शिकवणीत बसा. बाई स्वतः गाऊन दाखवतात का? सूर उतरला की थांबवून पुन्हा ऐकायला लावतात का? पट्टी, म्हणजे 'सा'ची उंची, कुणाच्या आवाजाची धरतात, हे तर नक्की पाहा. पुरुष शिक्षक स्वतःच्या काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून) मुलींना गायला लावतात, तेव्हा खालच्या स्वरांत मुलींचा आवाज पोचत नाही आणि मुली घसा दाबून गाऊ लागतात. ही सवय मोडणं अवघड असतं.

घरी फोनवर तंबोरा लावून द्या. पट्टी बाईंना विचारून घ्या, बहुधा काळी चार किंवा पाच असेल. मुलीला नुसता 'सा' लावू दे, मग 'सा ग'. तंबोऱ्यात तिचा आवाज मिसळून वेगळा ऐकू येईनासा झाला, तर समजा शिकवणं चोख चाललं आहे.

मग बाईंना भेटून परीक्षेचं सरळ विचारा. उत्तर देताना त्यांनी तुमच्या मुलीच्या आवाजाबद्दल, तिच्या गंधाराबद्दल दोन नेमक्या गोष्टी सांगितल्या, तर पुढच्या महिन्याची फी निर्धास्त भरा.