१४ वर्षांचं मूल ब्रेस घालत नाही आणि ‘मी मुलगी नाही’ म्हणतं. आधी पाठीकडे बघावं की मनाकडे?

ताई, तुम्ही लिहिलंय की कण्याचा बाक ३२ अंशांचा आहे, डॉक्टरांनी दिवसाला १८ तास ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक पट्टा) सांगितलाय आणि मूल तो कपाटामागे टाकून देतं. दिवाळीपासून ते ‘मी मुलगा आहे’ असंही सांगतंय. आधी पाठीचं मार्गी लावू, ‘ते दुसरं’ दहावीनंतर बघू, असं घरात ठरतंय. हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, स्कोलिओसिसच्या, म्हणजे कणा बाजूला वाकलेल्या मुलांचे व्यायाम घेते. ब्रेस कुठे अडतो ते रोज बघते, म्हणून इतकं ठामपणे सांगतेय. तो स्वतःला मुलगा म्हणतो, तर मीही इथे ‘तो’ असंच लिहिते.

उंची झपाट्याने वाढते तेव्हाच बाक वाढण्याचा धोका सर्वात जास्त असतो. पाळी येणं, छाती वाढणं, कमरेचा आकार बदलणं हेही त्याच एक-दोन वर्षांतलं. म्हणजे त्याचं शरीर एकाच वेळी दोन नको असलेल्या दिशांना चाललंय. त्यात ब्रेस कमरेत आवळतो, छातीच्या खाली दाबतो. जे त्याला कुणाला दिसू द्यायचं नाही, नेमकं तेच उठून दिसतं. दर चार-सहा महिन्यांनी एक्स-रे, पातळ गाऊन, पाठ उघडी टाकून खाली वाकायचं, आणि बाहेर भरलेल्या वेटिंगमध्ये नकोसं झालेलं नाव मोठ्याने पुकारलं जातं. एवढं सोसल्यावर तो ब्रेस काढून फेकतो आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

आणि ब्रेसचा उपयोग खरंच होतो, म्हणून जीव तुटतो. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न घालणाऱ्यांत ४८ टक्के. रोज सरासरी तेरा तासांच्या वर घालणाऱ्यांत तर दहापैकी नऊ जणांचा. हे तास रागावून, मोबाइल काढून घेऊन भरत नाहीत. तो मनाने तयार असेल तरच भरतात.

म्हणून ‘का घालत नाहीस?’ असं विचारू नका. ‘नेमकं कुठे आणि कधी नकोसा होतो?’ असं विचारा. टोचतो, उकडतं, शाळेत कळतं, की छातीचा आकार दिसतो? प्रत्येकाला वेगळा उपाय आहे. आत बिनशिवणीचा लांब सुती बनियन, वर मुलांचा सैल शर्ट. ब्रेस बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टना छातीकडच्या कडेबद्दल स्पष्ट सांगा, ते बघतील काय बदलता येतं ते. घरी मात्र कापाकापी नको. क्लिनिकला आधी फोन करून ‘फक्त आडनावाने बोलवा’ अशी विनंती करा. एक्स-रेच्या आधी त्याला सगळं सांगून ठेवा, आणि तुम्ही आत यावं की बाहेर थांबावं हे त्यालाच ठरवू द्या.

एक गोष्ट न चिडता विचाराच : छाती सपाट दिसावी म्हणून तो बाइंडर (छाती दाबून ठेवणारं घट्ट बनियन) किंवा क्रेप बँडेज बांधतो का? बँडेज तर बांधूच नये, ते श्वासागणिक आवळत जातं. बाइंडरवर ब्रेस चढवायचा नाही, बाइंडर घालून झोपायचं नाही. स्कोलिओसिसमध्ये बरगड्या आधीच पिळलेल्या असतात. वापरत असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

आता ‘ते दुसरं’. मुलीच्या शरीरात असून स्वतःला मुलगा वाटणं हा मनाचा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत ते मानसिक आजारांतून काढलंय. आजार होतो तो लपवून, घुसमटून, रोज स्वतःच्या अंगाचा तिटकारा करून. झोप, जेवण, मित्र, क्लास यांतलं काय सुटलंय ते बघा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

‘समजावून पुन्हा मुलगी करतो’ म्हणणाऱ्याकडे नेऊ नका, मग तो बुवा असो की पदवीवाला. असे उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलंय. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट ही समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठीची संस्था सुरू केली; अशा संस्थेत तुमच्याच भाषेत विचारता येईल.

त्याचे बाबा म्हणतात, ‘वय आहे, जाईल.’ काहींचं पुढे बदलतं, काहींचं नाही, आणि त्याचा निकाल आज लावायची गरजच नाही. केस बारीक करणं, हव्या त्या नावाने हाक मारणं यात औषध नाही की ऑपरेशन नाही. पुढे कधी वयात येणं थांबवणाऱ्या औषधांचा विषय निघाला, तर एंडोक्रिनोलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) आणि ऑर्थोपेडिक डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणा. या औषधांनी हाडांची घनता मागे पडते आणि वाढ जास्त काळ चालू राहू शकते, म्हणजे ब्रेसचा हिशेबही बदलतो.

आणि सासूबाईंना सांगा, पाठ वाकडी म्हणून त्याला असं वाटत नाहीये. जड दप्तराने किंवा वाकून बसल्यानेही हा बाक आलेला नाही. तुमचं काही चुकलेलं नाही.

पुढच्या एक्स-रेची तारीख जवळ असेल, तर त्याआधी क्लिनिकला तो फोन तेवढा नक्की करा.