जुव्यावर माईक, सड्यावर मनोरा

प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळच्या कालावल खाडीतल्या जुव्यावरच्या (खाडीतल्या बेटावरच्या) मंडळाला तरीच्या, म्हणजे प्रवासी होडीच्या, वेळा, भरती-ओहोटी, वादळाचे इशारे आणि अधूनमधून दशावतार ऐकवायचा आहे. त्यासाठी ऑनलाइन मिळणारा ५ वॅटचा एफएम ट्रान्समीटर घेऊन जुव्यावरच्याच माडाला अँटेना बांधली तर चालेल का?

नाही चालणार, आणि अडचण नुसत्या कायद्याची नाही. पण कायद्याचं आधी उरकतो. गाव ऐकेल एवढ्या ताकदीचं प्रसारण बिनपरवाना करता येत नाही. माल पकडला जातो, वर खटला. वाट सामुदायिक रेडिओची. २००६ पासून ती सेवाभावी संस्थांनाही खुली आहे. मंडळाची नोंदणी होऊन तीन वर्षं झालेली हवीत, अर्ज ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर करायचा. प्रक्षेपणाची मर्यादा १०० वॅट ईआरपी (अँटेनाची वाढ धरून बाहेर पडणारी ताकद), अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, मात्र हवामान, वीज-पाणी, आपत्तीच्या प्रशासकीय सूचना बातम्यांत मोडत नाहीत. म्हणजे तुम्हाला हवं ते जवळजवळ सगळं बसतं.

आकाशवाणीवर अवलंबून का राहू नये, असंही कुणीतरी विचारेलच. २८ एप्रिल २०२३ ला देशात १०० वॅटचे ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, ताकद तुमच्याएवढीच. पण असे ट्रान्समीटर मुख्यतः मोठ्या केंद्राचा कार्यक्रम पुढे पाठवायला असतात. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवशी होडी कुठल्या धक्क्याला लागणार, हे तिथून कोण सांगणार?

आता खरी गोष्ट: मनोरा जुव्यावर उभा करू नका, पलीकडच्या सड्यावर, म्हणजे उंच कातळपठारावर, करा. एफएम लहरी सरळ रेषेत जातात. जुवा पाण्यालगत, भोवती डोंगर; तिथून ३० मीटरवर अँटेना चढवली तरी खाडी ऐकेल आणि वळणाआडच्या वाड्या कोरड्या राहतील. शिवाय जुव्यावर सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध), कांदळवन असेल तर त्याचा ५० मीटरचा पट्टा, म्हणजे परवानग्यांचा आणखी एक गठ्ठा. ज्या गावांसाठी केंद्र आहे त्या क्षेत्रात मनोरा असावा असा नियम आहे, म्हणून अर्जात सड्याचं गावही नावानिशी घाला.

जागा ठरवायला महागडं सॉफ्टवेअर नंतर. आधी काळोख्या रात्री सड्यावर एकाला मोठी बॅटरी घेऊन उभं करा आणि प्रत्येक वाडीतून उजेड दिसतो का ते बघा. जिथून दिसेल तिथे आवाज पोचायला हरकत नाही. न दिसणाऱ्या वाड्या लिहून ठेवा. ३० मीटरच्या उंचीने त्यातल्या काही सुटतील. हे अर्जाआधीच करा, कारण मंजुरी अक्षांश-रेखांशावर मिळते आणि मनोरा हलवला की कागद पुन्हा फिरतात.

स्टुडिओ जुव्यावरच ठेवा. स्टुडिओ आणि मनोरा यांच्यामध्ये ५.८ गिगाहर्ट्झचा वायफाय दुवा पुरतो. इथे फसगत होते ती पाण्यामुळे: ओहोटीला दुवा झकास, भरतीला तुटतो. पाण्यावरून परावर्तित होणारी लहर मूळ लहरीला खाते आणि पाण्याची पातळी बदलली की तो हिशेबही बदलतो. दोन किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर रेषेखाली निदान पाच मीटर मोकळी जागा हवी, तीही उधाणाच्या पाण्यापासून आणि कांदळाच्या शेंड्यापासून मोजून. एक टोक उंच सड्यावर असल्याने परावर्तनाचा बिंदू आपोआप जुव्याकडे सरकतो. तो किनाऱ्यावरच्या झाडोऱ्यात पडेल असं बघा.

केबलवर कंजुषी नको. ५० वॅटचा ट्रान्समीटर आणि ४० मीटर आरजी-२१३ जातीची केबल घेतली तर वर जेमतेम २७-२८ वॅट पोचतात. अर्धा इंची फोम केबलने ४० पोचतात आणि ३ डीबीची, म्हणजे ताकद दुप्पट करणारी, दोन मजली अँटेना त्याचे ८० करते. सांध्यांवर आधी रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, वर पीव्हीसी टेप. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळेल. नट-बोल्ट ३१६ स्टीलचे घ्या, ३०४ ला खारा वारा डाग पाडतो. अँटेनाकडून परत येणारी पॉवर रोज वहीत लिहा: ५० ला २ वॅटपर्यंत ठीक. श्रावणात ती चढू लागली तर ट्रान्समीटरला दोष देऊ नका, कनेक्टरात पाणी शिरलंय.

सड्याची एकच खोड, जांभा. तो वीज जमिनीत नीट उतरू देत नाही. अर्थिंगच्या एका खड्ड्याने भागत नाही. तीन-चार खड्डे बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरून तांब्याच्या पट्टीने जोडा. मीठ-कोळशाचा खड्डा नको, दोन पावसाळ्यांत मीठ वाहून जातं. रोध मे महिन्यात मोजा, पाच ओहमच्या आत हवा. ऑगस्टमधलं माप फसवं, कारण पहिल्या विजा पडतात तेव्हा कातळ कोरडाच असतो.

वीज जाण्याचा हिशेब: सड्यावरचा भार २५० वॅट धरला तर १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन बॅटऱ्या निम्म्या वापरून साधारण सहा तास. तौक्ते वादळानंतर किती दिवस अंधार होता ते आठवा आणि जनरेटरची जागा आत्ताच ठेवा. स्टुडिओला वेगळी बॅटरी. आणि दुवा तुटला तरी इशारा देता यावा म्हणून सड्यावरच्या खोलीत एक साधा माईक कायम जोडलेला असू द्या.