प्रभागातल्या पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांचा आणि निवृत्त महापालिका सेवकांचा प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते सत्कार करायचा आहे. पाहुणे कोणाला बोलवावेत, सन्मानचिन्ह काय द्यावं?

पाहुणे कोणालाही बोलवू नका. मंत्री नको, आमदार नको, शहराध्यक्ष तर मुळीच नको. तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे मी येतेच, पण तुम्ही प्रश्नात ‘प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते’ असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

माझी आत्या नाशिकच्या पंचवटीतली. माहेर पंचवटीत, सासर दोन गल्ल्या सोडून. आणीबाणीच्या शेवटी झालेल्या १९७७ च्या निवडणुकीत ती शेजारणीबरोबर मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायला बसली आणि तिथून पुढे प्रत्येक निवडणुकीला बसत राहिली. पक्षाचं नाव मी लिहिणार नाही. लिहून फरकही पडत नाही, सगळ्या पक्षांत हेच चालतं. तिला कधी पद मिळालं नाही, तिने मागितलंही नाही. तिकीट मागायचा तर विचारही कोणाच्या डोक्यात आला नाही.

तिचं काम म्हणजे मतदार यादी. अख्खी यादी तिला तोंडपाठ होती. लग्नानंतर कोणाचं नाव माहेरच्या आडनावाने राहिलंय, कोण सिडकोत राहायला गेलं पण मत इथेच ठेवलंय, कोण वारलंय आणि तरी दर वेळी यादीत येतंय, हे सगळं तिला माहीत. नवीन सून घरात आली की पंधरा दिवसांत आत्या नाव नोंदवायचा सहा नंबरचा फॉर्म घेऊन दारात उभी. नाव चुकलं असेल तर आठ नंबरचा. मतदानाच्या दिवशी ती केंद्राच्या आत उमेदवाराची प्रतिनिधी, म्हणजे पोलिंग एजंट म्हणून बसायची. बाहेर केंद्रापासून लांब टेबल टाकून बसणाऱ्या पोरांना चहा-वडा मिळतो, फोटोही निघतात. आतल्या माणसाला काय करावं लागतं ते बसलेल्यालाच ठाऊक. मतदान सातला सुरू होणार असलं तरी अभिरूप मतदानासाठी, म्हणजे यंत्राच्या चाचणीसाठी, साडेपाचला हजर राहायचं. किमान पन्नास मतं टाकायची, मोजायची, यंत्र परत शून्यावर आणलंय हे डोळ्यांनी बघायचं, मग सील, मग सही. संध्याकाळी केंद्राध्यक्षांकडून १७-सी नमुन्याची प्रत हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्या कागदावर केंद्रातल्या एकूण मतांचा आकडा असतो, मोजणीच्या दिवशी तोच पडताळून बघायचा. आत्या तो कागद घडी घालून पैशांच्या पाकिटात ठेवायची. तिचा डबा ‘मागून पाठवतो’ असं दर निवडणुकीला सांगितलं जायचं, आणि तो यायचा नाही.

आता २००८ च्या सप्टेंबरातला पूर. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठची माणसं नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी कमरेला आलं, छातीला आलं. त्या दिवशी ते बघायलाही कोणाला वेळ नव्हता. आत्याने ट्रंकेतून आमच्या भागाची मतदार यादी काढली आणि महापालिकेच्या एका मुकादमाला बरोबर घेऊन घरोघरी निघाली. यादी घरक्रमाने असते. जो शाळेतल्या निवाऱ्यात पोचला त्याच्या नावापुढे बरोबरची खूण, जो अजून घरात आहे त्याच्या नावाला गोल. समासात पेन्सिलीने शेरे: ‘आजी, चालता येत नाही’, ‘बाळंतीण, वरचा मजला’, ‘साखरेचं इंजेक्शन फ्रिजमध्ये’. भाडेकरूंची नावं यादीत नव्हती, ती तिने मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतली. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले, तेव्हा भाडेकरूंकडे इथे राहतो म्हणून दाखवायला कागद नव्हते. ते सगळे आत्याकडे आले. तिने यादी समोर ठेवली, मुकादमाने ‘मी बरोबर होतो’ म्हणून सांगितलं, आणि बऱ्याच घरांची नोंद त्यावर झाली. ती यादी आता माझ्याकडे आहे. पानं फुगलीत, पण पेन्सिल अजून वाचता येते.

यानंतर काही वर्षांनी पक्षाने ‘ज्येष्ठ कार्यकर्ता गौरव’ ठेवला. मोठं सभागृह, बाहेर कमानी, फ्लेक्स. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, संयोजन समितीत होता. आत्याला निरोप आला की काठपदराची साडी नेसून सकाळी लवकर ये. तिला वाटलं, सत्कार आहे. गेल्यावर हातात ताम्हण दिलं. तिला पाहुण्यांचं औक्षण करायचं होतं! पाहुणे आले दुपारी. तोवर ती दारात उभी, वाऱ्याने निरांजन विझतंय आणि ती परत लावतेय. मग मंचावर चाळीसेक जणांची नावं घाईघाईत पुकारली गेली. एकाची शाल खांद्यावरून घसरायच्या आत दुसऱ्याला पुढे ढकलत होते, कारण पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता. शेवटी आभार मानताना ‘महिला आघाडीच्या भगिनींनी स्वागताची बाजू उत्तम सांभाळली’ एवढं एक वाक्य. झालं.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाच्या आजीला पुराच्या दिवशी खुर्चीत बसवून शाळेत नेलं होतं. नेणाऱ्यांत आत्या होती. मुलाला काहीच माहीत नव्हतं आणि त्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात जो कागद दिला होता त्यावर फक्त नाव आणि पद होतं. आत्याला पद नव्हतं म्हणून कागदावर नावही नव्हतं.

दादाचं म्हणणं आजही असं आहे की औक्षण हासुद्धा मानच आहे, आणि पद नसलेल्या माणसाला कोणत्या नावाने मंचावर बोलवायचं? गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर परत हाच वाद झाला. दादा, तू हे वाचशील म्हणून लिहिते: ‘२००८ च्या पुरात घरोघरची यादी करणाऱ्या’ या नावाने बोलवायचं. एवढं सोपं होतं.

म्हणून माझं मत असं आहे, आणि तुमच्या कार्यक्रमासाठी माझ्याकडे हाच एक मुद्दा आहे. ज्याचं काम झालं, त्याच्या हातून सत्कार व्हावा, आणि त्याने काम काय झालं ते सांगावं. ज्या बाईचं रेशन कार्ड त्या कार्यकर्त्याने खेटे घालून काढून दिलं, तिने उठून तेवढंच सांगावं. तिला दोन मिनिटं पुरतात. पाहुणा आला की सगळा वेळ त्याचाच होतो. लोक त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, भाषण तो करतो, दुसऱ्या दिवशी बातमीत फोटोही त्याचाच येतो.

नाशिकमध्ये तरी हे कळायला हवं. २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला. दादासाहेब गायकवाडांनी इथली सगळी जुळणी केली, बाबासाहेब त्यांना पत्रांतून सूचना देत होते, ती पत्रं जपली गेली म्हणून आज आपल्याला इतकं तपशिलात कळतं. दादासाहेब पुढे खासदार झाले, १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, शहरात त्यांच्या नावाचं सभागृह आहे, सगळं योग्यच. पण मंदिराच्या चार दरवाजांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या असं आपण वाचतो. त्या पंचवीस जणींपैकी एकीचं तरी नाव पंचवटीत कोणाला विचारून बघा. आकडा उरला, नावं गेली. तुमच्या प्रभागातही आणखी वीस वर्षांनी हेच होणार आहे.

आणि हे लोक काही निवडणुकीपुरते नसतात. नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये झाली, पण पहिली निवडणूक १९९२ ला. दहा वर्षं प्रशासक. परत मार्च २०२२ मध्ये मुदत संपली ती निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये. त्या काळात नगरसेवकच नव्हता. गटार तुंबलं, दिवा गेला, पाणी कमी दाबाने येतंय, हे घेऊन लोक कोणाकडे गेले? अशाच बिनपदाच्या माणसांकडे. आत्या गुडघे धरून विभागीय कार्यालयाचे जिने चढायची.

निवृत्त सेवकांबद्दल तुम्ही एकाच ओळीत विचारलंय, पण त्यांचा भाग वेगळा ठेवा. पक्षाच्या कार्यकर्त्यांबरोबर एकाच मंचावर, पक्षाच्या झेंड्याखाली त्यांना उभं करू नका. त्यांनी आयुष्यभर सगळ्यांचं काम केलंय. व्हॉल्व्हमन रात्री-अपरात्री पाणी सोडायला जातो तेव्हा कोणी मत कोणाला दिलं ते बघत नाही. पल्स पोलिओच्या दिवसांत ज्या नर्सताई आणि अंगणवाडीताई दारोदार फिरल्या, करंगळीला शाई लावून दारावर खडूने खूण करून गेल्या, त्यांच्यामुळे २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. त्यांच्या सत्काराला त्या वेळी डोस घेतलेली, आता कमावती झालेली पोरं बोलवा. २०१५ च्या कुंभमेळ्यात पर्वण्यांनंतर रामकुंडाचा परिसर झाडणारे सफाई कामगार तुमच्या प्रभागात राहत असतील तर त्यांची नावं यादीत सगळ्यांत वर टाका.

सन्मानचिन्ह नको, ॲक्रिलिकचं तर नकोच. घरात ठेवायला जागा नसते, नातवंडं खेळायला घेतात. त्याऐवजी अर्ध्या पानाचं मानपत्र करा, पण त्यात ‘समाजसेवेचा वसा’, ‘निःस्वार्थ भाव’ वगैरे काही लिहू नका. काय केलं, कुठे केलं, कोणत्या वर्षी केलं, एवढंच लिहा. छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा, नावाचं शुद्धलेखन त्यांच्याकडूनच तपासून घ्या. खर्चातून जे वाचेल त्यात त्यांचं एखादं अडलेलं काम मार्गी लावा. अंगणवाडीताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच सांगितलंय. तुमच्या यादीतल्या कोणाला ती मिळाली नसेल तर कागद गोळा करून अर्ज भरून द्या. तो सत्कार शालीपेक्षा मोठा.

पक्षातल्या वरच्या लोकांशी तुमचं बोलणं असेल तर आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. महापालिकेत स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, नगरसेवक घेता येतात. त्यांना सभागृहात बोलता येतं, मत देता येत नाही. ही जागा महापालिकेच्या कारभाराचं ज्ञान असलेल्यांसाठी आहे, पण तिथे पडलेला उमेदवार किंवा नाराज माणूस बसवला जातो. तीस वर्षं विभागीय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला कारभाराचं ज्ञान नाही असं कोणी म्हणू शकेल का? नोंदणीकृत संस्थेत पदाधिकारी असणं वगैरे अटी आहेत, त्या आधी बघून घ्या.

सावधगिरीच्या दोन गोष्टी राहिल्या. तारीख ठरवण्याआधी आचारसंहिता नाही ना ते बघा, नाहीतर महापालिकेचं सभागृह ऐन वेळी रद्द होईल. आणि यादीत कोणी अजून सेवेत असेल तर सेवा वर्तणूक नियमांप्रमाणे त्यांना मानपत्र स्वीकारायला वरिष्ठांची परवानगी लागते. हौसेने त्यांना अडचणीत आणू नका, निवृत्तीपर्यंत थांबा. हेही मान्य करते की पाहुण्याशिवाय कार्यक्रमाला गर्दी कमी होईल आणि वर्गणी देणारे दोघे-तिघे रुसतील. काही जुन्या कार्यकर्त्यांना साहेबांच्याच हातून शाल हवी असते, त्यांची तशी इच्छा असेल तर त्यांना विचारून तसं करा. मी आत्यापुरतं बोलतेय, पण अशा आत्या फार आहेत.

जागा म्हणाल तर मोठं सभागृह घेऊ नका. गल्लीतल्या मंदिराचा सभामंडप किंवा शाळेचा वर्ग बघा, जिथे गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना चढावा लागणार नाही. मंच नको, सगळ्यांना खुर्च्या एका पातळीवर. आणि तुमची यादी आजच परत काढा. त्यात बायका किती आहेत ते मोजा. पदाधिकाऱ्यांच्या रजिस्टरवरून यादी केली असेल तर बायका निघणारच नाहीत. जुन्या निवडणुकांत आत बसलेले पोलिंग एजंट कोण होते ते विचारा, चिठ्ठ्या कोणाच्या घरी लिहिल्या जायच्या ते विचारा. ज्या घरी लिहिल्या जायच्या त्या घरातल्या बाईचं नाव विचारा, तिच्या नवऱ्याचं नको.