'दाखल-खारीज' म्हणजे प्रवेश रद्द नव्हे

प्रश्न असा आहे : नागपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेतून आजोबांच्या नावाचा जुना उतारा मिळाला. त्याच्या माथ्यावर 'दाखल-खारीज' असं लिहिलंय. म्हणजे त्यांचा प्रवेश पुढे रद्द झाला होता का? जात पडताळणीला हा कागद जोडावा का?

प्रवेश रद्द झालेला नाही. दाखल-खारीज हे नोंदवहीचं नाव आहे. दोन्ही शब्द मूळचे अरबी : दाखल म्हणजे आत आलेला, खारीज म्हणजे बाहेर पडलेला. मूल शाळेत आलं की ओळीचा पहिला भाग भरायचा, शाळा सुटली की उरलेला. 'अपील खारीज', 'अर्ज खारीज' हे कोर्टातलं बोलणं कानात बसल्यामुळे फेटाळण्याचा अर्थ आधी सुचतो, एवढंच. उत्तरेकडे जमिनीच्या कागदांत दाखिल-खारिज म्हणजे आपला फेरफार. तिथेही एक नाव जातं, दुसरं येतं.

पुण्याकडच्या शाळांत हीच वही 'जनरल रजिस्टर' असते. फरक राज्यकारभाराचा आहे. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांतात, जबलपूर-रायपूरसोबत. मुंबई राज्यात आलं १९५६ साली. त्यामुळे तिकडचा तालुका इकडे तहसील झाला, मालगुजार (गावाचा सारा भरणारा जमीनदार) हा शब्द रुळला, आणि शाळेच्या कपाटात दाखल-खारीज राहिलं.

उतारा जरूर जोडा. पडताळणीत मानीव दिनांकापूर्वीच्या, म्हणजे त्या-त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीच्या, नोंदीला मोठं वजन असतं : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. उताऱ्यावर दाखल क्रमांक, दाखल झाल्याची तारीख, वडिलांचं नाव, जात, इयत्ता आणि खारीज तारीख हे सगळं आलंय का, ते शाळेतच तपासा. शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात वही कुठे गेली ते विचारा. पडताळणी समितीचं चौकशी करणारं दक्षता पथक मूळ वही बघतं. गिरवलेलं अक्षर किंवा जातीच्या रकान्यात वेगळी शाई दिसली की खरा कागदही संशयात सापडतो. म्हणून जुनं स्पेलिंग चुकलेलं वाटलं तरी वहीत कुणालाही 'दुरुस्ती' करू देऊ नका. फरकाचा खुलासा शपथपत्रात करा. नागपुरात आणखी एक गोष्ट नेहमी आढळते : १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक मुलांच्या नावापुढे जातीऐवजी 'बौद्ध' आहे. अशा घरांना त्याआधीची, आजोबा-पणजोबांची ओळ शोधावीच लागते.

पण जातीचा रकाना सापडला की वही मिटू नका, ही कळकळीची विनंती. दाखल आणि खारीज या दोन तारखांमधलं अंतर मोजा. त्या मुलाला शाळा किती वर्षं मिळाली ते तिथे कळतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० मध्ये झाला खरा, पण सक्ती लागू करणं स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडलं. नाव दाखल होणं आणि शिक्षण होणं यांत किती अंतर होतं, ते या खारीज रकान्याइतकं स्पष्ट कुठलाच अहवाल सांगत नाही. अशा वह्या वाळवीच्या तोंडी जाऊ नयेत. निदान त्यांचं स्कॅनिंग तरी व्हायला हवं.

आता वापराविषयी. मूल गैरहजर राहिलं म्हणून 'नाव खारीज केलं' असं एखादी शाळा आजही म्हणते. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणार असेल, तर आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याला प्रवेश नाकारता येत नाही.