किडनीच्या गाठीत थेट केमो देता येते का?

वाशीच्या ताईंनी विचारलंय: वडिलांच्या किडनीत साडेतीन सेंटिमीटरची गाठ आहे, शेजारच्या काकांना लिव्हरमध्ये नळीने थेट केमो दिली, तशी इथे देतील का? ठाण्यात अँजिओ विभागात टेक्निशियन होतो, तेव्हा नातेवाईक हेच विचारायचे.

बहुधा नाही. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण पाऊण हिस्सा पोर्टल शिरेतून येतो, गाठ मात्र धमनीवर पोसते. म्हणून धमनीत औषध सोडून ती बुजवली तरी बाकीचं लिव्हर तगतं. किडनीला दुसरी वाटच नाही. जी फांदी बुजवाल तिच्यावरचा चांगला भागही मरतो. त्यात किडनीच्या मांसल भागातला नेहमीचा कॅन्सर, रीनल सेल कार्सिनोमा, केमोला फारशी दाद देत नाही. त्याच्या पेशींवर औषध बाहेर फेकणारी प्रथिनं असतात. किडनीची धमनी बुजवतात ती रक्तस्राव थांबवायला किंवा मोठ्या ऑपरेशनआधी. त्यात केमो नसते, पण नातेवाईक घरी जाईपर्यंत सांगण्यात त्याचं 'केमो' होतं!

चार सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला शक्यतो तेवढाच भाग कापून किडनी वाचवतात. वय किंवा हृदय आड आलं तर अब्लेशन: त्वचेतून सुई घालून गाठ जाळायची किंवा गोठवायची. आजार पसरला असेल तर सुनिटिनिबसारख्या गोळ्या किंवा इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध), म्हणजे औषध सगळ्या अंगात जाणारच.

एक अपवाद आहे. लघवी जिथे गोळा होते त्या पोकळीच्या अस्तराचा, कमी आक्रमक कॅन्सर. साधं औषध तिथे टिकत नाही, लघवीबरोबर वाहून जातं. म्हणून मायटोमायसिन या केमोच्या औषधाचं जेल काढलं: थंड असताना पातळ, शरीराच्या उबेने घट्ट, काही तासांत विरघळणारं. आठवड्याला एकदा, असे सहा डोस. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मंजुरी मिळाली. चाचणीत ७१ पैकी ४२ जणांची गाठ पूर्ण गेली. मात्र मूत्रनलिका, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी, आकसण्याचा त्रास बऱ्याच जणांना झाला, ते जाहिरातीवजा बातम्यांत येत नाही.

तेव्हा डॉक्टरांना आधी एवढंच विचारा: गाठ मांसल भागातली की आतल्या अस्तराची? दुसरं मत हवं असेल तर टाटाचं खारघरचं कॅन्सर केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, तुम्हाला परळपेक्षा जवळ. किडनीची ओपीडी कुठे, ते फोन करून विचारा. जाताना नुसता रिपोर्ट नको, सीटीची सीडी आणि क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट सोबत घ्या.